नियमावली, खंड आठवा

कागद हरवत नसतो, तो सुटा असतो म्हणून जातो, असं आमच्या हेडक्लार्कांचं ठाम मत होतं. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस. नळाला धार नसली तरी मताला असायचीच. शंभर पानांच्या वर गेलेलं कुठलंही प्रकरण दोऱ्याने शिवून, पुठ्ठ्यात बांधून, पानांवर आकडे घालूनच कपाटात जायचं, हा रिवाज त्या खात्यात त्यांनीच पाडलेला. तेव्हापासून तिथला एक कागद म्हणून हरवला नव्हता. प्रकरणं निकालात निघत नसत ती गोष्ट वेगळी, पण ती नेमकी कुठे पडून आहेत हे कुणालाही केव्हाही सांगता यायचं.

अशा माणसाला बायको कोण मिळावी? तर पुस्तकं बांधणारी, आणि तीही परदेशातली. त्यांचं जमलं कसं हे मला विचारू नका. विचारलं तर नवरा एक सांगतो, बायको दुसरं सांगते आणि हेडक्लार्कांच्या मातोश्री तिसरंच सांगतात. लग्न झालं, रीतसर नोंदलं गेलं, मातोश्रींनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी सुनेला कपाटातले दोन खण मोकळे करून दिले. सून आमची भाषा झपाट्याने शिकली. नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं असतं हेही मातोश्रींनी शिकवलं होतं, पण ते ती फक्त रागावल्यावर म्हणायची. सगळं कसं सुरळीत होतं. एकच कागद राहिला होता, वास्तव्य परवाना.

परवाना नव्हता म्हणून बायकोला राहता येत नव्हतं असं नाही. काम मात्र करता येत नव्हतं, पगारी नाही आणि बिनपगारीही नाही. आणि मुख्य म्हणजे बाहेरदेशी जाता येत नव्हतं. म्हणजे जाता येत होतं, परत येता येत नव्हतं. अर्ज विचाराधीन असताना अर्जदाराने सीमा ओलांडली तर अर्ज त्याने स्वखुशीने मागे घेतला असं समजण्यात येईल, असं छापील पत्रकाच्या सहाव्या कलमात म्हटलं होतं. मग नवा अर्ज तिकडून करायचा आणि दीड वर्ष तिकडेच बसायचं.

एरवी तिने वाट पाहिली असती. पुस्तकं बांधणाऱ्याला घाई करून चालत नाही, सरस वाळेपर्यंत गप्प बसावंच लागतं. पण तिकडे तिचे वडील बहिरे व्हायला लागले होते.

वडिलांचं केस कापायचं दुकान. चाळीस वर्षं त्या माणसाने कात्री कमी आणि जीभ जास्त चालवली. गावातलं कुणाचं कुणाशी बिनसलंय हे आधी त्यांच्या खुर्चीत कळायचं, मग त्या घरात. आता कान गेले तसा धंदाही गेला. ‘कानामागचे जरा कमी करा’ म्हणणाऱ्या एका भल्या गृहस्थाचं त्यांनी तुळतुळीत टक्कल करून ठेवलं, त्या दिवशी स्वतःच दुकानाला कुलूप घातलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावून उपयोग नाही. फोनवरचं हळूहळू कळेनासं होईल. उजव्या कानाशी बसून सावकाश बोललं तर आणखी सहा-सात महिने ऐकू येईल, पुढे तेही नाही. लिहिलेलं वाचायचा म्हाताऱ्याला भारी कंटाळा. जन्म बोलण्यात काढलेल्या माणसाला चिठ्ठ्या काय दाखवायच्या?

“मला दोन आठवडे त्यांच्याजवळ बसायचंय,” बायको म्हणाली. “बोलायचंय. नंतर नुसतं तोंड बघायला जाऊन काय करू?”

“सहा महिने म्हणजे चिक्कार झाले,” हेडक्लार्क म्हणाले. “नव्वद दिवसांत परवाना मिळेल असं पत्रकात छापलंय.”

छापलेल्यावर विश्वास ठेवणारा हेडक्लार्क तुम्ही पाहिलाय का? मी हा एकच पाहिला.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. वरचे काका निवृत्त होते, आणि ज्या कामाशी आपला सुतराम संबंध नाही त्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

“एजंट गाठा,” काका खुर्ची ओढून म्हणाले. “माझ्या साडूच्या मेहुण्याला एजंटाने दोन महिन्यांत परवाना काढून दिला.”

“वास्तव्याचा?”

“नाही, कुत्रा पाळायचा. पण खिडकी खिडकीच असते हो!”

हेडक्लार्क दुखावले. “काका, कचेरीत कागद कसा चालतो हे मी आता एजंटाकडून शिकू? बावीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. मी स्वतःच कचेरी आहे!”

कागद चौतीस प्रकारचे लागत होते. त्यातला निम्मा भाग ‘विवाह खरा असल्याचे पुरावे’ या मथळ्याखाली होता. एकत्र काढलेले फोटो, दोघांच्या नावाने आलेली पत्रं, विजेची बिलं, शेजाऱ्याचं निवेदन आणि घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचं निवेदन. लग्न खरं आहे हे विजेच्या बिलावरून कसं कळतं, असं बायकोने विचारलं. हेडक्लार्कांनी तिला शासनाच्या शहाणपणावर शंका घेऊ नये असं सांगितलं.

काकांनी निवेदन द्यायचं लगेच कबूल केलं आणि अकरा पानं लिहून आणली. त्यातली नऊ पानं त्यांच्या स्वतःच्या नोकरीविषयी होती. दहाव्या पानावर वरच्या मजल्याला पाणी पुरेशा दाबाने येत नसल्याची तक्रार होती. अकराव्या पानाच्या तळाशी ‘सदर जोडपे खाली राहते’ एवढं एकच वाक्य होतं, त्यातही जोडप्याचं कौतुक असं काही नव्हतं.

मातोश्रींचं निवेदन एक पानी, पण प्रतिज्ञेवर. ‘मी खाली सही करणारी, मुलाची आई, शपथेवर लिहून देते की ही माझी सून आहे. ती पंखा चालू ठेवून खोलीबाहेर जाते. मी घासलेली भांडी मी पाठ वळवली की पुन्हा घासते. तिच्या सरसाच्या वासाने माझं डोकं उठतं. माझा मुलगा तिच्यासमोर बोलत नाही आणि माझ्यासमोर फार बोलतो. कळावे.’

“आई, हे काय लिहिलंस?” हेडक्लार्कांचा आवाज चिरकला.

“का? यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखव.”

“अगं, पण काहीतरी चांगलं लिही ना तिच्याबद्दल!”

“चांगलं आहे ते मी तिला तोंडावर सांगते. कागदावर कशाला?” मातोश्री म्हणाल्या. “आणि शपथेवर खाडाखोड करायची नसते. तूच शिकवलंस मला.”

सगळे मिळून तीनशे बारा कागद झाले. हेडक्लार्कांनी प्रत्येकावर आकडा घातला, गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला आणि बायकोकडे पाहून म्हणाले, “हे बांधून टाकू.”

“त्यांना सुटे हवे असतील तर?”

“पत्रकात सुटे असं कुठे म्हटलंय? ‘व्यवस्थित लावून’ असं म्हटलंय. आणि यातलं एक पान सुटलं तर सहा महिने गेले समज.”

खरं तर तिला फार सांगावं लागलं नाही. सात महिने तिचे हात रिकामे होते. ‘हे काम धरलं जाईल का’ एवढं तिने विचारलं, त्यावर हेडक्लार्कांनी थोडा विचार करून ते घरकाम असल्याचा निर्वाळा दिला. चार दिवस जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात होतं आणि घरची मंडळी स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होती. तिने पानांचे लहान लहान जुडगे, म्हणजे फर्मे, पाडले, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक शिवला, पाठ गोल केली, गडद निळं कापड चढवलं, खुणेला रेशमी फीत लावली. तिला गुणगुणताना मातोश्रींनी त्या चार दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. सरसाच्या वासाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

राहिलं होतं पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव घालायचं. “‘वास्तव्य परवान्यासाठी विनंती अर्ज’ एवढं इथे मावत नाही,” बायको म्हणाली.

आणि इथे आमच्या हेडक्लार्कांचा मान आड आला. बावीस वर्षं लोकांनी त्यांना विनंत्या केलेल्या. आपल्या नावाचं बाड ‘विनंती’ म्हणत कुणाच्या तरी टेबलावर हात जोडून पडणार, हे त्यांना सोसेना. “सोन्याच्या अक्षरात विनंती शोभत नाही,” ते म्हणाले. “नुसतं घाल, वास्तव्य परवाना. खाली, विवाहित जोडीदार. बास.”

तिने तसं घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी सगळ्यांना ते फार देखणं वाटलं. काका तर खास बघायला खाली आले.

परवाना कचेरीत खिडकी क्रमांक चारवर एक चष्मेवाल्या बाई बसायच्या. त्यांनी निळा ग्रंथ उचलला, उलटसुलट केला आणि भोकं पाडायचं यंत्र पुढे ओढलं. यंत्राच्या जबड्यात पुठ्ठा शिरला तो बाहेर येईना. शेजारच्या टेबलावरचे दोघं मदतीला आले. एकाने यंत्र सोडवलं, दुसरा कापडावरून हात फिरवत म्हणाला, “काय बांधलंय हो! माझ्या मुलीच्या वह्या द्याल का करून?”

“मला काम करायची परवानगी नाही,” बायको म्हणाली. “ती तुम्हीच द्यायची आहे.” मग चष्मेवालीकडे वळून तिने विचारलं, “सुटे कागद लागतात का तुम्हाला?”

प्रश्न अगदी नेमका होता. चष्मेवालीने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलंही असेल. पण तेवढ्यात हेडक्लार्क पुढे सरसावले. आपल्या खात्यात शंभर पानांवरची प्रकरणं कशी बांधतात, त्यामुळे काय काय फायदे होतात, आणि इतर खात्यांनी हे का उचलू नये, यावर ते दहा मिनिटं बोलले. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली होती.

“साहेबांना विचारावं लागेल,” चष्मेवाली घड्याळाकडे बघत म्हणाली. “ठेवून जा.” तिने पावती फाडली, शिक्का मारला आणि खिडकी बंद केली. हेडक्लार्क ती पावती खिशात घालून लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

नव्वद दिवस त्यांनी कुणाला ब्र काढू दिला नाही. मधेच विचारायला जाणं म्हणजे कचेरीचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी ते पावती घेऊन खिडकी चारवर उभे राहिले. चष्मेवालीने संगणकात पाहिलं. “कागदपत्रांच्या प्रतीक्षेत,” ती म्हणाली. “कागद आणून द्या.”

“कागद दिलेत. ही पावती.”

“पावती म्हणजे अर्ज आल्याचा पुरावा झाला. अर्ज असल्याचा नाही.”

हेडक्लार्कांनी पावती पुन्हा खिशात घातली. वाक्य ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, त्यांचं स्वतःचंच होतं! गेल्या महिन्यात नळजोडणीसाठी आलेल्या एका आजींना त्यांनी शब्दन् शब्द हेच ऐकवलं होतं, आणि वर पाणीही विचारलं नव्हतं. ते तिथून तडक आपल्या खात्यात गेले, आजींचं प्रकरण कपाटातून काढलं आणि स्वतः उचलून पुढच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या टेबलावरच्याला वाटलं, यांची बदली झाली.

मग हेलपाटे सुरू झाले. आज चष्मेवाली रजेवर, उद्या संगणक बंद, परवा अभिलेख खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो प्रशिक्षणाला. एकदा खोली उघडली तेव्हा हेडक्लार्कांना दारातून आत बघू दिलं. जमिनीपासून छतापर्यंत पिवळ्या फायली. “आमच्याकडे सगळं पिवळं असतं,” तिथला माणूस म्हणाला. “निळं काही नाही. असतं तर दिसलं असतं.” मुद्दा बिनतोड होता.

“एजंट,” काका जिन्यात भेटले की एवढंच म्हणायचे.

इकडे दर रविवारी फोन व्हायचा. पहिल्यांदा बायको मोठ्याने बोलायची, मग ओरडायला लागली, मग खिडक्या लावून ओरडायला लागली. तिच्या भाषेतलं ‘कसे आहात’ आता सगळ्या इमारतीला येत होतं. एकदा तिने तीन वेळा ‘जेवलात का’ विचारलं, तेव्हा वरून काकांनीच ‘हो’ म्हणून उत्तर दिलं. लोक हसले, तीही हसली. पण त्यानंतरच्या रविवारी वडील दहा मिनिटं एकटेच बोलले, दोनदा ‘आहेस का’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. ती इकडे घसा फोडत होती.

फोन बंद करून ती टेबलाशी येऊन बसली. “त्यांना वाटलं मी नव्हतेच,” ती म्हणाली.

मातोश्रींनी उठून पंखा बंद केला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा लावला.

“मी एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, अहो,” बायको म्हणाली. ते ‘अहो’ कुठलं हे हेडक्लार्कांना लगेच कळलं. “परवाना मिळाला तर मिळाला. नाही तर अर्ज गेला खड्ड्यात.”

“दीड वर्ष लागेल परत यायला.”

“माहीत आहे.”

“दीड वर्ष मी काय करू?” हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. आईसमोर असलं काही बोलायचा माणूस नव्हता तो. कान लाल झाले त्यांचे. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, कारण खरंच भीती वाटली होती. कागद हरवला याची नाही. हे घर पुन्हा पूर्वीसारखं होईल याची.

एकवीस तारखेला एकोणीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी रजा टाकली आणि बायकोला घेऊन थेट साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. अडीच तासांनी आत बोलावणं आलं. साहेब तसे सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पावती पाहिली आणि हळहळले.

“अर्ज सापडेपर्यंत मी काय करणार? पण वडील आजारी असताना तातडीने जाऊन यायची काही सोय आहे का, ते बघू. विवाहित जोडीदारांवर वेगळा खंडच आलाय आता वरून.” साहेब उठले, मागच्या काचेच्या कपाटाकडे गेले. कपाटात नियमावलीचे सात जाडजूड काळे खंड ओळीने उभे होते. त्यांच्या शेजारी आठवा, गडद निळा, पाठीवर सोनेरी अक्षरं.

बायकोने नवऱ्याच्या मनगटावर नखं रोवली.

साहेबांनी तो खंड टेबलावर आणला. “मला अजून वाचायला सवड झाली नाही,” ते ओशाळून म्हणाले. फीत होती ते पान त्यांनी उघडलं आणि धीरगंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘मी खाली सही करणारी, मुलाची आई, शपथेवर लिहून देते की...’ हं, हा नमुना दिसतोय. ‘ती पंखा चालू ठेवून...’” साहेब थांबले. चष्मा पुसला. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मग पान उलटून पाहिलं, तर तिथे विजेचं बिल होतं.

“साहेब, तो आमचा अर्ज आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. चष्मेवालीने ग्रंथ विचारायला म्हणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब त्या आठवड्यात दौऱ्यावर. शिपायाने टेबल पुसताना असली वस्तू जिथे शोभेल तिथे नेऊन ठेवली. आठवड्याने साहेब आले, त्यांना वाटलं वरून आला. चार महिने तो तिथे मानाने उभा होता. एवढ्या रुबाबदार पुस्तकाला उगाच हात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही.

“चला, सापडला!” हेडक्लार्क म्हणाले. “आता तेवढा खिडकी चारला पाठवा.”

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मध्यंतरी वरून तपासणी झाली होती. कपाटातल्या पुस्तकांची यादी झाली, ‘नियमावली, खंड एक ते आठ, सुस्थितीत’ असा शेरा पडला आणि त्यावर तीन सह्या झाल्या. “आता तो खंड सरकारी मालमत्ता झाला. कपाटातून कमी करायचा तर वरून मंजुरी हवी. तिला चार महिने लागतात.”

कुणी दुसरा असता तर त्याने टेबलावर डोकं आपटलं असतं. पण हेडक्लार्कांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. गेले चार महिने ते खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आता कुठे कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

“कमी कशाला करता?” ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. “संदर्भासाठी उसना द्या. खिडकी चारच्या नावाने, सहीवर. यादीत तो आहे तिथेच राहतो, ‘टेबलावर वापरात’ एवढाच शेरा.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. “आपण कुठल्या खात्यात?”

“पाणीपुरवठा. बावीस वर्षं.”

“तरीच,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मेवालीला बोलावलं.

चष्मेवाली आली, तिने सही केली आणि मग सांगितलं की भोकं पाडायच्या यंत्रात पानं सुटीच घालावी लागतात, बांधलेलं चालत नाही. साहेब पुन्हा खचले. सरकारी पुस्तकाची पानं फाडणं हा गुन्हा होता, त्याचंही कलम होतं, पहिल्याच खंडात.

“फाडायचं कशाला?” बायको म्हणाली. “मी उसवते.”

तिने पर्समधून लहानशी कात्री काढली. पाठीचं कापड कडेने अलगद सोडवलं, पहिला टाका शोधला, कापला. मग दोरा असा काही ओढला की फर्म्यामागून फर्मा मोकळा होत गेला. एका पानाला ओरखडा नाही. चार दिवसांचं काम तिने वीस मिनिटांत उसवलं. हेडक्लार्कांना ते बघवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मात्र दुःख दिसत नव्हतं, घाई दिसत होती.

“हे काम धरायचं का?” चष्मेवालीने हळूच साहेबांना विचारलं. “अर्जदाराला बिनपगारीही काम करता येत नाही.”

“केलेलं काम मोडणं हे काम होत नाही,” साहेब म्हणाले. त्या दिवशी त्यांना सूर सापडला होता.

तीनशे बारा पानं पिवळ्या फायलीत गेली. रिकामी निळी पुठ्ठापाठ साहेबांनी दोन्ही हातांनी जुळवली आणि सात खंडांच्या शेजारी नीट उभी करून कपाट लावून घेतलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर आणखी एक तपासणी झाली आहे, आणि खंड आठवा सुस्थितीत आहे.

विवाह खरा की खोटा यावर साहेबांनी पाच ओळींत निर्णय लिहिला. फोटो, बिलं, काकांची अकरा पानं, कशाचाच त्यात उल्लेख नव्हता. ‘वराच्या मातेचे निवेदन पाहता’ एवढंच कारण दिलं होतं. बाहेर निघताना ते हेडक्लार्कांना म्हणाले, “बनावट सुनेबद्दल इतक्या तळमळीने कुणी लिहीत नाही हो.” मातोश्रींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय सांगत होते?” आणि त्या दिवशी सुनेने पुन्हा घासलेली भांडी त्यांनी न बोलता फळीवर लावली.

परवाना वीस तारखेला संध्याकाळी हातात पडला, विमान एकवीसला सकाळी. कागदाच्या बाबतीत हे वेळेआधीच म्हणायचं.

पहिला रविवार आला. हेडक्लार्क सकाळपासून फोनजवळ. दुपार झाली, फोन नाही. मातोश्री म्हणाल्या, विसरली असेल. ते म्हणाले, विसरणार नाही. मग मातोश्रींवर उगाच डाफरले. चारच्या सुमाराला फोन वाजला. त्यांनी उचलून ‘हॅलो, हॅलो’ केलं, पण पलीकडून त्यांच्याशी कुणी बोललं नाही. तिने फोन लावून नुसता टेबलावर ठेवला होता. लांबून एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता, खडखडीत, न थांबणारा. मधेच तो हसायचा. मग तिचा आवाज, बारीक, सावकाश. मग पुन्हा तो, तिच्या बोलण्याला धरून.

हेडक्लार्कांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले.

अर्ध्या तासाने दार वाजलं. वरचे काका होते, चेहरा काळजीत. “काय हो, आज रविवार ना? आवाज नाही काही. फोन आला नाही का?”

“आलाय,” हेडक्लार्कांनी कानापासून फोन न काढता सांगितलं. “ती हळू बोलतेय.”